वाकळीचं कापड
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्याकडं कोल्हापुरात गोधडीला वाकळ म्हणतात. पुण्याकडं गेलं की तिची गोधडी होते, बेळगावच्या पलीकडं कानडी मुलखात ती कौदी होते आणि आमच्या घरात अम्मा दखनीत बोलायला लागली की तीच गुदडी व्हायची. नाव कोणतंही घ्या, वस्तू तीच. जुनं कापड, सुई आणि दोरा. घरात फाटकं-तुटकं साठलं की एकावर एक अंथरायचं आणि शिवून टाकायचं, यात निवडण्यासारखं काय असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. वाकळीवर मी दोन-तीन कविताही केल्या. त्या कवितांत ऊब होती, माया होती, आईचा हात होता. फक्त कापड नव्हतं.

कापड मला उशिरा कळलं. २०२२ साली अम्मा गेली. चाळिसावा झाल्यावर बहिणीनं तिची ट्रंक उघडली. गेलेल्या माणसाचे कपडे गरजवंताला द्यायची आमच्यात रीत आहे. देण्याआधी बहीण म्हणाली, "भाईजान, ह्यातल्या साड्यांच्या दोन वाकळी करून घेऊ. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं." ट्रंकेत अकरा साड्या होत्या. अकरा साड्यांत दोन वाकळी सहज होतील, असा आमचा हिशेब.

करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात वाकळा शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत. गाठोडं घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी एकेक साडी मांडीवर घेतली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून बघितली. मग काठाचा एक धागा ओढून काढला, काडीपेटी मागितली आणि तो धागा पेटवून बघितला. असं अकरा वेळा. शेवटी दोन ढीग झाले. एका ढिगात नऊ, दुसऱ्यात दोन.

"दादा, ह्या दोन वाकळीच्या. बाकीच्या न्हाईत."

"का ओ मावशी? चांगल्या तर आहेत."

"चांगल्या हाईत म्हणूनच की. शिवून देतो मी, माझं काय जातंय? पर टाका धरायची न्हाई, सरकंल. आनि ऊब न्हाई यायची."

घरी येताना मी गप्प होतो. त्या नऊ साड्या आम्ही दिलेल्या होत्या. ईदेला, लग्नात, माझ्या पहिल्या पुस्तकाच्या आनंदात. "इस्त्री लागत नाही, धुतली की तासात वाळते, तुला त्रास नको," असं म्हणून दिलेल्या. अम्मानं त्या आवडीनं नेसल्या. पण तिच्या शेवटच्या वीस वर्षांतून एकही वाकळ निघत नव्हती. दोन निघाल्या त्या तिनं स्वतः घेतलेल्या. तेव्हा ठरवलं, हे कापडाचं प्रकरण नीट समजून घ्यायचं. मावशींकडं चार-पाच खेपा केल्या आणि अम्मा शिवत असताना नुसतं बघितलेलं पुष्कळ काही आता नव्यानं आठवलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

वाकळीला तीन भाग असतात. खालचं अस्तर, मधली भर आणि वरचा थर. तिन्हींना वेगवेगळं कापड लागतं. लोक चूक करतात ती इथंच. सगळ्यात चांगलं कापड वर लावतात, कारण ते दिसतं, आणि अस्तराला काहीही चालवून घेतात. खरं तर निवड अस्तरापासून सुरू करायची. जमिनीवर घासतं ते अस्तर, ओढताना ताण घेतं ते अस्तर आणि धुताना आपटलं जातं तेही अस्तर. ते गेलं की वाकळ गेली.

अस्तराला सर्वांत उत्तम नऊवारी लुगडं. त्यात एक सुंदर गणित आहे. लुगड्याची लांबी नऊ वार, पन्हा साधारण सव्वा वार. त्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे करायचे. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की सव्वादोन वार लांब आणि अडीच वार रुंद असा एक थर तयार. उरलेल्या दोन तुकड्यांचा दुसरा थर. म्हणजे एका लुगड्यात वाकळीची पाठ आणि पोट दोन्ही निघतं, आणि जोड फक्त मधोमध एकच. सहावारीत असा एकच थर निघतो आणि दीड वार उरतं. दोघांच्या अंथरुणाला हे माप पुरतं. लुगडं विणणाऱ्यानं वाकळीचा विचार केला नसेल, पण वाकळ शिवणाऱ्या बाईनं लुगड्याचा पुरता विचार केला होता.

अस्तराचं कापड घट्ट विणीचंही नको. हल्लीच्या काही चादरी इतक्या दाट विणलेल्या असतात की हातातली सुई चार थरांतून जातच नाही, बोटं सोलून निघतात. आणि विरविरीतही नको, नाहीतर टाक्याच्या भोकातून आतली भर डोकावते. मधल्या विणीचं, अंगावर वापरून मऊ झालेलं सुती कापड हवं. रंग गडद असला तर बरं, कारण ती बाजू भुईला लागते.

कापड अजून दमाचं आहे की नाही, हे बघायच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली उजेडाची. कापड दोन्ही हातांनी उन्हासमोर धरायचं. जिथं वीण विरळ झाली असेल तिथं उजेड जास्त येतो. साडी बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर आधी विरते, शर्ट खांद्यावर आणि कोपरावर. दुसरी परीक्षा अंगठ्यांची. दोन्ही अंगठे जवळ धरून कापड ताणायचं. चर्र झालं तर ते आतल्या भरीला. टिकलं तर ते वर किंवा खाली. फेकायचं मात्र काहीच नाही. विरलेलं कापड भरीला उलट जास्त चांगलं, कारण ते मऊ असतं आणि सुईला वाट देतं.

आता तो काडीपेटीचा प्रकार. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि मागं मऊ राख राहते. पॉलिस्टरचा धागा जळताना आक्रसतो, वितळतो आणि टोकाला मण्यासारखी कडक गाठ होते. ही परीक्षा एका धाग्यावरच करायची, साडीला काडी लावायची नाही, आणि धागा बोटात न धरता चिमट्यात धरायचा.

मावशी म्हणाल्या "ऊब न्हाई यायची", त्यालाही कारण आहे. वाकळ स्वतः गरम नसते. थरांच्या मधे अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ते काम कोणतंही कापड थोडंफार करेल. पण झोपेत अंगातून वाफ निघत असते. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम सुती धागा सात-आठ ग्रॅम ओल स्वतःत मुरवून घेतो, आणि तरी हाताला कोरडाच लागतो. तेवढ्याच वजनाचं पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. मग वाफ अंगालाच चिकटते, अंग चिपचिपतं आणि पहाटे थंडी वाजते. आमच्या कोल्हापूरच्या जुलै महिन्यात, भिंतींना ओल आलेली असताना, हा फरक पांघरणाऱ्याला कळतो. म्हणून तर जुनी माणसं खाली घोंगडं आणि वर वाकळ घेत. लोकर भुईची ओल अडवायची आणि सूत अंगाचा घाम घ्यायचं.

भरीच्या कापडात घाई करू नये. शर्टाच्या गुंड्या, कॉलर, खिसे, विजारीची नेफ्याची पट्टी, सगळं आधी काढायचं. एक जाड शिवण राहिली तरी रात्रभर पाठीला टोचते. तुकडे एकमेकांवर चढवताना जोडावर जोड येऊ द्यायचा नाही, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवायचे. जीन्सचे पाय घालू नयेत. वजन वाढतं, आणि एका जागी जड आणि शेजारी हलकं झालं की हलकं कापड फाटतं. टेरीकॉटच्या शाळेच्या गणवेशांचा मोह तर सगळ्यांना होतो. ते न झिजता वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि त्यांच्या भोवतीचं सुती कापड मात्र झिजत जातं. वाकळीत सगळ्या कापडांनी बरोबरीनं म्हातारं व्हावं लागतं.

म्हणूनच नवं आणि जुनं एकत्र करताना जपायचं. नव्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यानंतर सगळी वाकळ सुरकुतते, जुनं कापड ओढलं जाऊन टाक्याशी फाटतं. नवं कापड आधी दोन-तीनदा धुऊन वाळवून घ्यावं. लाल आणि गर्द निळ्या कापडाचा भरवसा धरू नये. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघावं. फडक्याला रंग लागला तर त्या कापडाला वाकळीत जागा नाही.

आता वरचा थर. इथं बाईची हौस दिसते. खणाचे त्रिकोण, शर्टांचे चौकोन, परकराच्या पट्ट्या. हौस करावी, पण प्रत्येक तुकड्याचा उभा धागा वाकळीच्या लांबीला लावावा. कापड दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं की कळतं, ज्या दिशेला ते कमी ताणतं तो उभा धागा. तुकडा तिरका लावला तर तो सैल पडत जातो आणि वाकळीला पोट सुटतं. मधोमध एक मोठा तुकडा घ्यायची पद्धत आहे, त्याला काहीजणी चौक म्हणतात. पूर्वी चौकाला साडीचा पदर घेत. इरकलीचा लाल पदर चौकाला फार शोभतो, पण त्यात एक अडचण आहे. इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमाचा, विणतानाच दोन्हींचे धागे फासात फासा अडकवून जोडलेले असतात. रेशीम सुताच्या आधी विरतं. म्हणून पदर एकटा लावायचा नाही. खाली अख्खं सुती कापड घालून त्यावर पदर बसवायचा आणि टाके जवळजवळ घालायचे. पुढं पदर विरला तरी वाकळ उघडी पडत नाही. काठ मात्र चौकात वाया घालवू नयेत. लुगड्याचा काठ दाट विणीचा असतो, तो चारी बाजूंनी कडेला लावावा. हाताची ओढ कडेलाच बसते.

दोरा सुती घ्यावा, आणि कापडापेक्षा बळकट घेऊ नये. ताण आला तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. दोरा पुन्हा घालता येतो. बंगालच्या कांथा शिवणाऱ्या बायका तर जुन्या साडीच्या काठातलेच धागे काढून त्यांनी शिवत. कापडाच्याच वयाचा दोरा! तिकडं उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी लोक राहतात. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका खाली जुनी साडी अंथरतात आणि कडेपासून तुकडे लावत, फिरत फिरत मध्यावर येतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे रंगीत तुकडे बसवतात. त्याला त्या फुला म्हणतात. फुलांवाचून कौदी उघडीवाघडी, असं त्यांचं म्हणणं. मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू, तिन्ही धर्मांच्या सिद्दी बायका हे करतात. कुणी चंद्रकोर शिवते, कुणी क्रूस. खालचं अस्तर मात्र सगळ्यांचं जुन्या साडीचंच.

मग हे सुती कापड आपल्या घरातून गेलं कुठं? कोल्हापूरकरांना तर हा प्रश्न पडायलाच नको होता. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलचा पाया घातला. माझे अब्बा त्या मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की पेठेतल्या चुली पेटायच्या. अब्बा कधीतरी कापडाचे तुकडे घरी आणत आणि अम्मा ते खळ जाईपर्यंत धुऊन वाकळीसाठी बाजूला ठेवी. पुढं टेरीकॉट आलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्यावरची बंधनं सैल केली. स्वस्त, रंगीत, न चुरगळणाऱ्या साड्या खेडोपाडी पोचल्या. रोज विहिरीवर धुणं नेणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईला ती साडी सोयीची वाटली, यात तिचं काहीच चुकलं नाही. २००३ मध्ये शाहू मिल बंद पडली. इचलकरंजीत आजही सुती कापड विणलं जातं. पण आपल्या अंगावरून उतरून वाकळीपर्यंत येणारं कापड आटलं.

२०१९ च्या ऑगस्टची एक गोष्ट सांगतो. पंचगंगेचं पाणी आमच्या शुक्रवार पेठेत शिरलं आणि घरात चढलं. पाणी उतरल्यावर अंथरुणं बाहेर काढली. अम्मानं माझ्या लहानपणी शिवलेली एक वाकळ इतकी जड झाली होती की ती उचलायला आम्ही दोघं लागलो. मी म्हणालो, "टाकून देऊ." अम्मा काही बोलली नाही. चिखल धुऊन, चार दिवस उन्हात घालून तिनं एका कडेची शिवण उसवली आणि मला आत हात घालायला लावला. अस्तराची लक्तरं झाली होती. आत मिलचं कापड, अब्बांचा सदरा, दादीचं लुगडं आणि त्याच्याही खाली आणखी एक आख्खी जुनी वाकळ. "अस्तर बदलायचं असतं रे," ती म्हणाली, "वाकळ नाही." नवं अस्तर घालायला तिला पुढं जमलं नाही. डोळे गेले होते, हात थरथरत होता. ती उसवलेली वाकळ घडी घालून माळ्यावर ठेवली ती तशीच राहिली.

मावशींकडच्या तिसऱ्या खेपेला मला ती आठवली. मी ती घेऊन गेलो. मावशींनी चारी कोपरे चाचपले, नाकाला लावून वास घेतला आणि त्यांचं तोंड उजळलं. "आदी सांगायचं न्हाईस व्हय दादा? भर तर तयारच हाय की!"

मग अम्माच्या त्या दोन सुती साड्या निघाल्या. एक इचलकरंजीकडची मरून रंगाची, एक इरकल. दोन्ही सहावारी. मघाचं गणित आठवा, एका सहावारीत एक थर निघतो. मरून साडीचं अस्तर झालं, इरकलीचा वरचा थर, मधे पुरातून निघालेली वाकळ. इरकलीचा लाल पदर चौकाला बसला. मरून साडीतलं दीड वार उरलं, त्याचं बहिणीच्या नातवाला दुपटं झालं. बाळाला नवं कापड टोचतं म्हणून जुन्याचंच दुपटं करायचं, ही रीत पेठेत आमच्याकडं आणि शेजारच्या आक्कांकडं सारखीच होती.

उरलेल्या नऊ साड्या आम्ही वाटल्या. त्या नेसण्याच्या साड्या होत्या, नेसल्या गेल्या. एक साडी परवा गंगावेशीत एका बाईच्या अंगावर दिसली आणि मी उगाचच थांबलो. वाईट वाटलं नाही. तेवढं एक देणं बरोबर जागी पोचलं म्हणायचं.

वाकळ एकच झाली. आम्ही भावंडं दोघं. पावसाळ्यात ती बहिणीकडं असते, दिवाळीनंतर माझ्याकडं येते. दरवेळी नेताना आम्ही ती उन्हासमोर धरून बघतो, कुठं उजेड येतो का.

तुमच्या घरात अजून कुणाचं सुती लुगडं, धोतर, जुनी चादर असेल, तर बोहारणीला द्यायच्या आधी एकदा अंगठ्यांत धरून ताणून बघा. आणि आता जे विकत घेताय त्याचाही एक धागा ओढून बघा. मी यंदाच्या ईदेला बायकोसाठी सुती साडी आणली. तिनं ती हातात घेऊन चोळून बघितली आणि विचारलं, "आजच का सुचलं हे?" मी खरं ते सांगून टाकलं, वीस वर्षांनी हिची चांगली वाकळ होईल.

"आधी नेसू तरी द्या," ती म्हणाली.